खासगी मातीचा बंधारा घेतलाय? मग आधी खाली कोण राहतं ते बघा

कल्याण सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की फार्महाऊस प्लॉटचे बोर्ड सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर "स्वतःचं पाणी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हे स्वतःचं पाणी म्हणजे कधी बोअर, कधी विहीर, कधी प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आणि कधी कधी ओहोळ अडवून कुणीतरी २०-३० वर्षांपूर्वी घातलेला मातीचा बंधारा. हे सगळं या शेवटच्या प्रकारासाठी लिहितोय, म्हणजे जमीन घेतली आणि तिच्याबरोबर बंधारा पण आला, आता पुढे काय करायचं हे ज्यांना कोणी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी.

आमचं तसंच झालं. आम्ही चार भावंडं, तिघं कळव्याला आणि एक बहीण घणसोलीला, २०१६ मध्ये मुरबाडच्या पुढे साडेचार एकर घेतली, गावी सातबारा होता म्हणून शेतजमीन घेता आली. जमिनीच्या वरच्या टोकाला बंधारा, पावसाळ्यात साधारण एकरभर पाणी साठतं, कडेला करवंदाच्या जाळ्या, सकाळी बगळे. ठाण्यात वाढलेल्या माणसाला तलाव म्हणजे मासुंदा किंवा उपवन, कडेने कट्टा आणि संध्याकाळी गर्दी, तिथलं पाणी कुणाच्या डोक्यावर टांगलेलं आहे असं कधी वाटत नाही. बंधाऱ्याचं तसं नसतं. बंधाऱ्याला एक वरची बाजू असते आणि एक खालची, आणि खालच्या बाजूला कोणीतरी राहत असतं. आमच्या खाली सात घरांची वाडी आहे.

आता मुद्द्याचं, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. धरणाच्या सुरक्षेचं रेटिंग म्हटलं की लोकांना वाटतं धरण किती मजबूत आहे त्याचे मार्क. पण रेटिंग दोन असतात आणि ती वेगवेगळी असतात. एक म्हणजे स्थिती, बंधारा आज किती धड आहे. दुसरं म्हणजे धोका, तो फुटला तर खाली काय काय जाईल. दुसऱ्याचा बंधाऱ्याच्या तब्येतीशी काही संबंध नाही. नवाकोरा, इंजिनिअरने बांधलेला, एक थेंब न गळणारा बंधारा असला आणि खाली एक जरी घर असलं तरी त्याचा धोका "जास्त" असाच लिहायचा.

अमेरिकेत अर्ध्याहून जास्त धरणं खासगी मालकीची आहेत त्यामुळे तिकडे ही पद्धत व्यवस्थित बसलेली आहे. धोक्याचे तीन वर्ग, कमी, लक्षणीय आणि जास्त. फुटल्यावर माणूस दगावण्याची शक्यता दिसत असेल, अगदी एक जरी, तर जास्त. माणूस जाणार नाही पण रस्ता, वीज, दुसऱ्याची मालमत्ता जाईल तर लक्षणीय. मालकाचं स्वतःचंच नुकसान होणार असेल तर कमी. आणि स्थितीचे वेगळे शेरे, समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक. आपल्याकडे नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना आहे, ती धरणातल्या दोषांच्या तीन श्रेण्या करते, श्रेणी १ म्हणजे धरण फुटू शकेल असा दोष, श्रेणी २ म्हणजे मोठा दोष, लवकर दुरुस्ती हवी, श्रेणी ३ म्हणजे किरकोळ, वर्षभरात उरकण्यासारखा. मी आमच्या वहीत धोक्याला अमेरिकन तीन वर्ग आणि दोषांना नाशिकची तीन श्रेणी वापरतो, दोन्ही समजायला सोपे आहेत.

पहिली पायरी : बंधाऱ्यावर नाही, बंधाऱ्याखाली चाला

जमीन बघायला गेलं की सगळे माथ्यावर उभे राहून पाण्याचे फोटो काढतात. तुम्ही पाण्याकडे पाठ करा आणि ओहोळाच्या पात्रातून खाली चालत सुटा, निदान दोन किलोमीटर. उन्हाळ्यात जा, पात्र कोरडं असतं. चालताना काय बघायचं तर घरं, गोठे, शाळा, अंगणवाडी, विहिरी, मोटारी, रस्त्याची मोरी, पात्राला लागून झोपड्या. आणि प्रत्येक ठिकाणी पात्राच्या तळापासून घराचा उंबरा किती उंच आहे ते अंदाजाने बघा. पुरुषभर उंच असेल तर थोडं बरं. गुडघाभर असेल तर वहीत ते घर लाल पेनाने.

वीटभट्ट्या मुद्दाम लिहितोय. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर भट्टीवर मजूर कुटुंबं येऊन राहतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तर तिथे कोणी दिसणार नाही आणि तुम्ही ती जागा मोकळी म्हणून सोडून द्याल. पण अवकाळी पाऊस एप्रिल-मेमध्येही येतो, तेव्हा वर्षभरात कधीही तिथे कोणी झोपत असेल तर ती जागा वस्तीच धरायची.

हवाई बेटांतलं का लोको धरण असंच मातीचं, खासगी, १८९० च्या सुमाराचं. सरकारदरबारी त्याची नोंद "कमी धोका" अशी होती. १४ मार्च २००६ ला ते फुटलं आणि खालची सात माणसं गेली. नंतरच्या चौकशीत निघालं की जादा पाणी बाहेर काढणारा सांडवाच बुजवून टाकलेला होता. कागदावर कमी लिहिलंय म्हणून कोणी तपासायला गेलं नाही आणि कोणी तपासायला गेलं नाही म्हणून सांडवा बुजलेला कोणाला दिसला नाही. म्हणून खालची चाल तुम्ही स्वतः करा, आणि दर दोन-तीन वर्षांनी परत करा कारण वाडी वाढते, नवीन घरं होतात, आणि बंधारा होता तसा राहिला तरी त्याचा धोका वाढलेला असतो.

दुसरी पायरी : मोजमाप

तीन आकडे लागतात. बंधाऱ्याची उंची, पाण्याचा साठा आणि वरून पाणी किती क्षेत्रातून येतं ते.

उंची माथ्यापासून खालच्या बाजूच्या पायथ्यातल्या सगळ्यात खोल जागेपर्यंत मोजायची. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी असते, ती आणि दोन पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्याने उतरत जायचं, दोन माणसांना अर्धा तास लागतो. आमची उंची आली ५ मीटर आणि भरल्यावर सगळ्यात खोल पाणी ४ मीटर.

साठ्यासाठी ढोबळ हिशोब असा, पाण्याचं क्षेत्रफळ गुणिले सगळ्यात जास्त खोली गुणिले ०.४. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, गुणिले ४, गुणिले ०.४, म्हणजे जवळपास ६,५०० घनमीटर, ६५ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेसहाशे टँकर. आणि बंधारा फुटला की हे सावकाश जात नाही. मातीचा बंधारा फुटल्यावर जास्तीत जास्त विसर्ग किती होईल हे काढायची सूत्रं इंजिनिअर लोक वापरतात, त्यातल्या एका सूत्राने आमचा आकडा सेकंदाला ४० घनमीटरच्या वर गेला, म्हणजे दर सेकंदाला चार टँकर. हा आकडा मी भावंडांना फोनवर सांगितला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही.

वरचं पाणलोट क्षेत्र गूगल अर्थवर काढता येतं, डोंगराच्या धारेवरून रेघ मारत मारत परत बंधाऱ्याला येऊन मिळायचं, क्षेत्रफळ आपोआप दिसतं. आमचं साधारण २० हेक्टर निघालं.

तिसरी पायरी : कागद

ही लवकर सांगतो. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटर उंचीची पण काही अटींवर, जसं माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त. भातसा, बारवी, मोरबे असली धरणं त्यात येतात. तुमचा-आमचा पाच मीटरचा बंधारा येत नाही. याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा नाही, तर त्याला तपासायला या कायद्याखाली कोणी येणार नाही इतकाच आहे, जे काय करायचं ते मालकाने.

दुसरं, ओहोळ-नाल्याचं पात्र सरकारी असतं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० मध्ये ते आहे. त्यामुळे गटाचा नकाशा काढून घ्या आणि बंधारा नक्की तुमच्या गटात आहे की नाल्याच्या पात्रात ते मोजणी करून बघा. बंधारा कोणी बांधला, खासगी की कुठल्या योजनेतून, हे ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या मृद व जलसंधारणच्या ऑफिसात विचारा. आम्हाला जमीन दाखवणाऱ्या माणसाने "सरकारनेच बांधलाय, सगळी जबाबदारी त्यांची" असं छातीठोक सांगितलं होतं आणि चौकशीत तो आधीच्या मालकाने जेसीबी लावून स्वतः घातल्याचं निघालं, ना नकाशा ना इंजिनिअर.

आणि जबाबदारी म्हणाल तर १८६८ साली इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या खासगी तळ्याचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं त्या खटल्यात ठरलं की धोक्याची वस्तू तुम्ही जमिनीवर साठवली आणि ती बाहेर पडून नुकसान झालं तर चूक सिद्ध करायची गरज नाही, भरपाई तुम्हीच द्यायची. आपल्याकडची कोर्टंही हे तत्त्व मानत आलेली आहेत.

चौथी पायरी : सांडवा, सांडवा आणि परत सांडवा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं पुढच्या रविवारी करा पण हे आज करा. मातीच्या बंधाऱ्याला पोटात पाणी चालतं, डोक्यावरून पाणी चालत नाही. माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की खालच्या उतारावरची माती कापत कापत वर येते आणि मग थांबवता येत नाही. म्हणून जादा पाणी कडेने, पक्क्या जमिनीवरून किंवा दगडी-काँक्रिटच्या वाटेने बाहेर काढायला सांडवा.

१८८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सटाऊन शहराच्या वर साऊथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, श्रीमंत लोकांच्या मासेमारीच्या क्लबच्या मालकीचं. घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवलेला, खालून पाणी सोडायचे पाईप आधीच काढून टाकलेले, आणि विकत आणून सोडलेले मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या. ३१ मेला मुसळधार पावसात जाळ्यांमध्ये कचरा अडकला, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं. २,२०० हून जास्त माणसं मेली. आता मुरबाड-शहापूरकडे किती जणांनी सांडव्यावर माशांसाठी जाळी लावलीय ते फिरून बघा. आमच्यातही होती. तुमच्याकडे असेल तर ती जाळी आजच काढा, मासे गेले तर जाऊ देत.

सांडवा पुरेसा आहे का ते काढायचं कसं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. आमच्या २० हेक्टरवर १०० मिलिमीटर पडला आणि त्यातला ६० टक्के जरी वाहून आला तरी १२,००० घनमीटर, म्हणजे आख्ख्या तळ्याच्या जवळपास दुप्पट. १०० मिलिमीटर आपल्या भागात काही विशेष नाही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला होता. आणि जुलैत जमीन आधीच भिजलेली असते त्यामुळे ६० नाही तर ८० टक्के सुद्धा वाहून येतं.

सेकंदाचा हिशोब असा. वाहून येणारा हिस्सा गुणिले तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये गुणिले हेक्टर, भागिले ३६०. म्हणजे ०.६ गुणिले १०० गुणिले २० भागिले ३६०, उत्तर ३.३ घनमीटर दर सेकंदाला. आता सांडव्यावरून अर्धा मीटर खोल पाणी वाहिलं तर दर मीटर रुंदीतून साधारण ०.६ घनमीटर जातं. म्हणजे साडेपाच मीटर रुंद सांडवा हवा, ८० टक्के धरलं तर साडेसात मीटर. आमच्याकडे काय होतं, तर बंधाऱ्याच्या कडेला पुरलेले दोन नऊ इंची सिमेंटचे पाईप. दोन्ही फुल चालले तरी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे लिटर. हवं होतं ३,३०० लिटर. इतकी वर्षं तो बंधारा कसा टिकला याचं उत्तर वाडीतल्या तात्यांनी दिलं, मोठा पाऊस आला की आधीचा मालक रात्री गडी पाठवून कडेची माती कुदळीने फोडायचा.

आम्ही दुसऱ्याच उन्हाळ्यात आठ मीटर रुंद सांडवा केला, बंधाऱ्यात नाही, डाव्या हाताला जिथे कातळ वर आलाय तिथून. सांडव्याच्या तळापासून माथा दीड मीटर वर ठेवला, म्हणजे अर्धा मीटर पाणी वाहत असताना पण एक मीटर मोकळं राहतं. माथा पण सपाट हवा. बैलगाडी-ट्रॅक्टर जाऊन जाऊन मधे जी खोलगट जागा होते तिथूनच पाणी पहिल्यांदा डोकावतं, म्हणून लेव्हल नळी माथ्यावरूनही फिरवा. आणि पावसाळ्याआधी सांडव्यातली झुडपं, वाहून आलेली लाकडं, प्लास्टिक सगळं साफ. जाळी लावायचीच असेल तर सांडव्यावर अजिबात नको.

पाचवी पायरी : बंधारा वाचायला शिका

हे शिकायला मला दोन पावसाळे लागले आणि शिकवलं वाडीतल्या लोकांनीच. वर्षातून दोनदा नीट बघायचं, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, आणि मोठ्या पावसानंतर परत. नेहमी एकाच क्रमाने चाला, पाण्याकडची बाजू, माथा, खालचा उतार, पायथा, म्हणजे काही सुटत नाही.

पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग निसटलंय का, लाटांनी माती खाऊन कडा उभी झालीय का ते बघा. माथ्यावर भेगा. उन्हाने पडलेल्या भेगा उथळ असतात, सायकलच्या स्पोकसारखी तार आत घालून बघा, बोटभर जाऊन थांबली तर फार काळजी नाही. लांबीच्या दिशेने खोल भेग असेल तर उतार घसरायच्या बेतात असू शकतो. आणि आडवी भेग, म्हणजे पाण्याकडून खालच्या बाजूला जाणारी, ती सगळ्यात वाईट कारण पाण्याला तयार रस्ताच मिळतो.

झाडं. बंधाऱ्यावर वड, उंबर, सुबाभूळ उगवलेलं छान दिसतं, सावली होते, पण मुळं आत शिरतात. आणि मोठं झाड नुसतं कापून पण चालत नाही, मुळं कुजली की तिथे नळीसारखी पोकळी राहते. लहान रोपं दरवर्षी उपटा, मोठं झाड असेल तर पाणी उतरवून, मुळासकट खणून, खड्डा थराथराने भरून घ्यावा लागतो. त्याऐवजी हरळी लावा, सांडव्याच्या कडेला वाळा लावा.

बिळं. तिवरेच्या वेळी खेकड्यांवरून महाराष्ट्रभर चर्चा झाली आणि लोक हसले पण खूप. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, मातीचंच, खालची भेंदवाडी गेली, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. तेवढ्या मोठ्या धरणाचा दोष खेकड्यांवर ढकलणं लोकांना पटलं नाही ते बरोबरच. पण आपल्या पाच मीटरच्या बांधाला घूस, उंदीर, खेकडे हे खरंच जड जातात कारण भराव मुळातच कमी जाडीचा असतो. बिळाच्या तोंडात दगड कोंबून काही होत नाही. बिळाचा माग काढत खणायचं, मग चिकण माती थोडी ओली करून अर्धा-अर्धा फुटाचे थर, प्रत्येक थरावर धुमस मारून.

आता गळती. मातीचा बंधारा थोडा झिरपतोच, पायथ्याशी ओल दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. तीन गोष्टी विचारायच्या, पाणी स्वच्छ आहे का, प्रमाण तेवढंच आहे का, जागा तीच आहे का. मेमध्ये बाकी उतार पिवळा पडलेला असताना एकाच पट्ट्यात हिरवंगार गवत किंवा लव्हाळा दिसला तर तिथे खुंटी मारून ठेवा. वाहतं पाणी असेल तर पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर लावा आणि त्याच वेळी तळ्यातली पातळी पण लिहा, कारण तळं भरलेलं असताना गळती थोडी वाढतेच, पातळी तीच असून गळती वाढली तर मात्र प्रकरण वेगळं.

आमचं सांगतो. २०१८ चा जुलै, शनिवार, सकाळी पोचलो तर उजव्या हाताच्या पायथ्याशी जुन्या लोखंडी पाईपच्या बाहेरून, पाईपच्या आतून नाही, पाणी येत होतं, करंगळीएवढी धार. वाडीतल्या आजी तिथे भांडी घासत होत्या, त्या म्हणाल्या, "परवापर्यंत नितळ होतं रे, काल सांजपासून गढूळ येतंय." मी पाण्याची रिकामी बाटली त्या धारेखाली धरली आणि दगडावर ठेवली. दहा मिनिटांत बाटलीच्या बुडाशी पाव बोट तांबूस गाळ बसला. तो गाळ म्हणजे बंधाऱ्याच्या पोटातली माती होती. पाईपच्या कडेने पाण्याने वाट केली होती आणि ती आतून पोखरत चालली होती, याला इंजिनिअर पायपिंग म्हणतात, आणि यात बाहेरून बंधारा शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. ही बाटली तुमच्या गाडीत कायम असू द्या. स्वच्छ पाणी आलं तर लक्ष ठेवा, गढूळ आलं तर पुढचं वाचा.

गढूळ गळती दिसली तर

बाहेरच्या तोंडाला माती किंवा सिमेंट कोंबायचं नाही. पाणी आत दाबलं जातं आणि दुसरीकडून फुटतं. त्या तोंडावर आधी जाड रेती, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी असे थर टाकायचे म्हणजे पाणी येत राहतं पण माती अडकते. जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी येत असेल तर भोवती रेतीच्या गोण्यांचं कडं करा. पाण्याकडच्या बाजूला भोवरा दिसतो का बघा, दिसला तर तिथे चिकण मातीच्या गोण्या आणि ताडपत्री. बंधाऱ्याच्या वरच्या टोकाला एक ब्रास रेती आणि एक ब्रास खडी आधीपासून पडलेली असली पाहिजे, जुलैत मुरबाडहून गाडी मागवून ती चिखलातून वर येईपर्यंत उशीर होतो. आम्हाला त्या दिवशी वाडीतल्या एका घराच्या बांधकामाची रेती मिळाली म्हणून निभावलं.

त्याच वेळी पाणी उतरवायला घ्या. साधा उपाय म्हणजे वक्रनळी, चार इंची पीव्हीसी पाईप माथ्यावरून टाकायचा, पूर्ण भरायचा, दोन्ही टोकं बंद ठेवून एक टोक पाण्यात आणि एक खाली ओहोळात, मग उघडायचं, वीज लागत नाही. असा एक पाईप आमच्या तळ्यातून दिवसभरात साधारण एक फूट पाणी काढतो, अर्थात वरून येणारं पाणी थांबलेलं असेल तर. पाऊस जोरात असेल तर याने काही होणार नाही, तेव्हा माणसं हलवणं हाच उपाय. आणि तातडी नसेल तर दिवसाला फुटापेक्षा जास्त उतरवू पण नका, भिजलेला उतार एकदम उघडा पडला की आतल्या बाजूने घसरतो. बंधारा कुदळीने फोडून पाणी सोडायचा विचार कोणी मांडला तर त्याला तिथून बाजूला करा.

सहावी पायरी : वाडीशी बोलणं

आमच्या वहीत तेव्हा असं लिहिलं गेलं, धोका जास्त, स्थिती वाईट, जुना पाईप श्रेणी १, सांडवा नवीन चांगला. आणि मग लक्षात आलं की हे ज्यांना कळायला हवं त्यांनाच कोणी सांगितलेलं नाही. मालक चार भावंडं, पाऊस पडत असताना चौघंही रेल्वे रुळांच्या पलीकडे साठ-सत्तर किलोमीटरवर, आणि पाण्याखाली झोपणारी सात घरं.

त्या रविवारी तात्यांच्या ओट्यावर बसून बोललो. लपवून काही ठेवलं नाही, बाटली पण दाखवली. एक जण चिडला, म्हणाला तुम्ही शहरातले येता नि आमच्या डोक्यावर पाणी ठेवून जाता, आणि त्याचं काही चूक नव्हतं. मग ठरलं ते असं. सांडव्याच्या भिंतीवर तीन पट्टे, हिरवा, पिवळा, लाल, पाणी पिवळ्याला लागलं की मला फोन, लालला लागलं की कोणाला न विचारता घरं सोडायची. मोबाईलला रेंज नसते म्हणून देवळातली घंटा, सलग वाजली तर बंधारा. जायचं कुठे, तर वरच्या माळावरची शाळा, ओहोळ न ओलांडता जाता येतं ती वाट आम्ही एकदा रात्री टॉर्च घेऊन चालून बघितली आणि निसरड्या दोन जागी पायऱ्या खोदल्या. चालता न येणाऱ्या दोन आजी आणि एक बाळंतीण, त्यांना कोण उचलणार त्यांची नावं ठरली. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांना एका पानावर सगळं लिहून दिलं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आणि पोलिसांचा ११२ प्रत्येक घराच्या दारामागे खडूने. बंधाऱ्याकडे लक्ष ठेवणाऱ्या तरुणाला आम्ही पावसाचे चार महिने पगार देतो, ते उपकार नाहीत, ते काम आहे.

इंजिनिअर कधी बोलवायचा? खाली वस्ती असेल तर एकदा तरी बोलवाच, भूतांत्रिक म्हणजे माती-पायाचं काम करणारा सिव्हिल इंजिनिअर, घरं बांधणारा नव्हे. तुमचे आकडे, फोटो, बादलीचे सेकंद तयार असतील तर त्याचं काम अर्ध्या वेळात होतं. आमचा जुना पाईप त्याच्या सांगण्यावरून २०१९ च्या उन्हाळ्यात तळं रिकामं करून काढला, नवीन पाईपभोवती रेतीचा पट्टा घातला आणि व्हॉल्व्ह पाण्याकडच्या बाजूला घेतला म्हणजे पाईपमध्ये कायम दाब राहत नाही. मातीकाम करणारे जेसीबीवाले "पाऊस दाबेल साहेब" म्हणतात, तसं करू नका, पावसाने माती दबत नाही, रोलर फिरवूनच घ्या.

बोरिवलीच्या जंगलातला विहार तलाव १८६० च्या सुमाराचा, मातीच्या बांधांवरच उभा आहे. म्हणजे माती कच्ची नाही, तिची देखभाल सोडली की ती कच्ची होते.

वही कशी ठेवायची

शंभर पानी वही पुरते, प्लास्टिकच्या पिशवीत, बंधाऱ्यावरच्या खोपीत, आणि दर महिन्याला पानांचे फोटो सगळ्या मालकांना. तारीख, वेळ, पाऊस, तळ्याची पातळी, सांडव्यावर पाणी किती, गळतीची बादली किती सेकंदात, पाणी स्वच्छ की गढूळ, कोणी बघितलं. आमच्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देतो, अशाच लिहा.

"१४ जुलै, सकाळी ७. रात्रभर पाऊस. सांडव्यावर वीतभर. खुंटी ३ जवळ बादली ११० सेकंद, नितळ. माथा ठीक."

"१६ जुलै, संध्या. ६. पाऊस कमी. सांडव्यावर चार बोटं. खुंटी ३ बादली ११२ सेकंद, नितळ. खुंटी ५ वर नवीन ओल, हाताएवढी, वाहत नाही. उद्या परत बघणे. फोन केला."